गर्भनिरोधक गोळी, इंजेक्शन आणि केसगळती : कोकणातल्या बायका वारंवार विचारतात ते प्रश्न

दापोली-गुहागर पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून मी वीसेक वर्षं काढली. उपकेंद्राच्या पडवीत रजिस्टर लिहीत बसलेली असताना एखादी बाई दारात येऊन नुसतीच वेणी चाचपत उभी राहिली, की पुढचं वाक्य मला कळतं. ‘बाई, गोळी सुरू केल्यापासून केस फार जातायत हो. बंद करू का?’ आणि खरं सांगायचं तर ती विचारायला येते तेव्हा गोळी बंद करून महिना झालेला असतो. कधी कधी पाळीही चुकलेली असते. म्हणून हे प्रश्न एकदा नीट लिहून काढते आहे.

गोळीने केस गळतात का? हो की नाही, सरळ सांगा.

काही जणींचे गळतात. बहुतेकींचे गळत नाहीत. आणि काहींचे केस गोळीवर असताना उलट टिकतात. गोळीत कोणतं औषध आहे, तुमच्या आईचा-मावशीचा भांग कसा आहे, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत तुमच्या अंगावरून काय काय गेलं, या तीन गोष्टींवर उत्तर ठरतं. यातली तिसरी गोष्ट कोणी विचारात घेत नाही, आणि बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

तीन महिन्यांचं काय आहे?

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि त्यानंतर तो साधारण तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो. मग खालून नवा केस येतो आणि जुना गळतो. कोणत्याही दिवशी दहातले आठ-नऊ केस वाढीवर असतात, उरलेले बसलेले.

शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन, खूप रक्त जाणं, वजन झपाट्याने उतरणं, हार्मोन अचानक खाली येणं, की वाढीवरचे पुष्कळ केस एकदमच बसकण मारतात. पण गळत नाहीत! ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर धक्का विसरलेला असतो आणि बाई कालपरवा सुरू केलेल्या गोळीकडे बोट दाखवते.

म्हणून मी पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावते. केस गळायला लागले तो आठवडा शोधा, आणि तिथून तीन पानं मागे उलटा. एकदा एका बाईने अशी पानं उलटली तर तिथे दुधाच्या हिशेबाशेजारी तिच्याच अक्षरात ‘सलाईन’ लिहिलेलं होतं. टायफॉइडने ती आठवडाभर दवाखान्यात होती. गोळी तिने त्यानंतर दीड महिन्याने सुरू केली होती.

रोज किती केस गळले तर चालतात?

पन्नास ते शंभर. पण आपल्याकडे अजून बऱ्याच जणी आठवड्यातून एकदाच न्हातात. सहा दिवसांचे सुटलेले केस वेणीत अडकून राहतात आणि सातव्या दिवशी मोरीच्या जाळीवर मूठभर पुंजका दिसतो. तो पुंजका एका दिवसाचा नसतो, आठवड्याचा असतो.

घरी करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे. न्हाऊन एक दिवस गेला, की डोक्याच्या एका भागातले पन्नास-साठ केस चिमटीत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हळू ओढत न्या. दोन-तीन आले तर काळजी नको. सहा-सातच्या वर आले, आणि डोक्याच्या इतर भागांतही तसंच झालं, तर गळती खरी आहे. आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून सुटलाय. ठिपका नसेल तर केस मधूनच तुटलाय, आणि तुटण्याची कारणं वेगळी असतात.

माला-एन, अंतरा, छाया, तांबी... यातलं कशात काय असतं?

हे नीट समजून घ्या, कारण बाया सगळ्यालाच ‘ती गोळी’ म्हणतात.

माला-एन आणि माला-डी या संयुक्त गोळ्या. दोन हार्मोन असतात : इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. यातलं दुसरं औषध थोडं पुरुषी हार्मोनच्या वळणाचं आहे. ज्यांच्या घराण्यात बायकांचे केस विरळ होतात, त्यांच्या मुळांना ते झोंबू शकतं. पण पहिलं औषध, म्हणजे इस्ट्रोजेन, उलट काम करतं. त्यामुळे यकृतातून एक प्रथिन जास्त तयार होतं आणि ते रक्तातलं मोकळं पुरुषी हार्मोन बांधून ठेवतं. दोन्हींचा मेळ बहुतेक बायकांत केसांच्या बाजूनेच पडतो.

अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, २०१७ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांत मोफत आलं. यात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं, इस्ट्रोजेन नसतं. केस गळणं हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, सगळ्यांना होत नाही. अडचण अशी, की गोळी आज थांबवता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. हार्मोनवाली तांबी आणि दंडात बसवायची काडी यांतही इस्ट्रोजेन नसतं आणि थोड्या जणींना गळतीचा त्रास होतो. तो होत असेल तर त्या काढता येतात, एवढा फरक.

छाया वेगळीच. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं, त्यात स्टेरॉइड हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पण पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो बीजकोशांचा विकार) असेल, नुकतीच कावीळ झाली असेल तर चालत नाही.

साध्या तांब्याच्या तांबीत म्हणजे कॉपर-टीत हार्मोन नाही, म्हणजे तिने थेट केस गळायचा प्रश्न नाही. मात्र काहींची पाळी तिने जड होते, अंगावरून जास्त जातं, रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की केस जातात. तांबी बसवून सहा-आठ महिन्यांनी केस गळायला लागले तर आधी हिमोग्लोबिन बघा.

पाकिटातल्या काळ्या गोळ्या मी टाकून देते. चालतं ना?

नाही हो, टाकू नका! अठ्ठावीसातल्या एकवीस पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या, शेवटच्या सात काळ्या लोहाच्या. ‘त्या नुसत्या मोजणीला असतात’ असं कोणीतरी सांगतं आणि बाया त्या केरात टाकतात. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आढळलं. केसांसाठी महागडं तेल आणायचं आणि फुकटचं लोह केरात टाकायचं, हे बघून माझा जीव तुटतो.

बाळंतपणानंतर दीड महिन्याने अंतरा घेतलं आणि केस पुंजक्याने जायला लागले. इंजेक्शननेच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वर असतं, म्हणून जे केस एरवी गळले असते तेही टिकून राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात वेणी जाड लागते ती यामुळेच. बाळ झालं की इस्ट्रोजेन झपकन खाली येतं आणि थांबून राहिलेले सगळे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकत्र निघतात. नेमकं दुसऱ्या इंजेक्शनच्या आसपास. इंजेक्शन न घेतलेल्या तुमच्या जावेचेही गेले होते, विचारून बघा.

माझे स्वतःचे दुसऱ्या बाळंतपणानंतर इतके गेले की कानशिलांवर कातडी दिसायची. मी तर काहीच घेत नव्हते. तेव्हा एका दवाखान्यात मला ‘मनावर घेऊ नका’ एवढंच सांगून परत पाठवलं, रक्तसुद्धा तपासलं नाही. पुढे बघितलं तर हिमोग्लोबिन साडेआठ होतं. म्हणून सांगते, बाळंतपणानंतरची गळती आपोआप थांबते हे खरं, बहुधा वर्षाच्या आत. तरी रक्त तपासून घ्याच.

बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने माला-एनसारखी संयुक्त गोळी घ्यायची नाही, हे जाता जाता लक्षात ठेवा.

नवरा मुंबईला असतो. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतो तेव्हाच गोळी घेते. केसांवर परिणाम होतो का?

चाकरमान्यांच्या गावांत हे घरोघरी आहे, आणि पुस्तकात याचं उत्तर सापडत नाही. गोळी सुरू केली की शरीर त्या हार्मोनला सरावतं, दोन महिन्यांनी सोडली की इस्ट्रोजेन पुन्हा उतरतं. ज्यांचे केस हार्मोनच्या चढउताराला नाजूक आहेत, त्यांना असं वर्षातून तीनदा केलं तर गळती थांबल्यासारखी वाटतच नाही. गणपतीनंतर गोळी सोडली की दिवाळीच्या पुढेमागे केस जातात. मग शिमगा.

पण मला केसांपेक्षा दुसरी काळजी वाटते. नवरा एसटीतून उतरला त्या रात्री सुरू केलेली गोळी त्या रात्री काम करत नाही. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच भरवसा, नाहीतर पुढचे सात दिवस निरोध वापरावाच लागतो. ज्यांचा नवरा वर्षातून दीड-दोन महिनेच घरी असतो, त्यांनी निरोध किंवा तांबी यांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. तांबी बसवली की वेळापत्रक सांभाळावं लागत नाही आणि हार्मोनचा चढउतारही नाही.

गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. तिने केस गळतील?

ती नॉरइथिस्टेरॉन. आठ-दहा दिवस घेतलेल्या गोळीने केस विरळ होण्याची शक्यता फार कमी. पण ती गर्भनिरोधक नाही, तिच्यावर विसंबू नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर ती धोक्याची आहे.

संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गोळीबद्दलही हेच. एकदा घेतल्याने केस जात नाहीत. दर महिन्याला घ्यावी लागत असेल तर मात्र नेहमीचं साधन निवडायची वेळ झाली आहे.

गोळी बंद केल्यावर गळायला लागले. मग गोळी घेताना चांगलंच होतं की!

बरोबर ओळखलंत. गोळीतल्या इस्ट्रोजेनने केस वाढीवर धरून ठेवले होते, ते सुटले. लहानसं बाळंतपणच म्हणा ना. बंद केल्यावर दोन ते चार महिन्यांनी सुरू होतं आणि साधारण सहा महिन्यांत ओसरतं. एवढ्यासाठी पुन्हा गोळी सुरू करू नका. सहा महिन्यांनंतरही चालूच असेल तर गोळीने आतापर्यंत झाकून ठेवलेलं काही उघडं पडलंय का ते बघावं लागतं. पीसीओएस किंवा घराण्यातली विरळी, दोन्ही गोळीखाली वर्षानुवर्षं दबून राहतात.

सासूबाई म्हणतात गोळी गरम पडते म्हणून केस जातात. दुधी, कोकम, सब्जा घेऊ का?

घ्या, चांगलंच आहे. पण केस उष्णतेने गळत नाहीत, आणि कोकमाने थांबतही नाहीत. सासूबाईंना एवढं मात्र सांगा, की त्यांनी पाहिलेलं खोटं नाही. पूर्वीच्या गोळ्यांत हार्मोनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं, त्यांच्या वेळच्या बायकांना मळमळ, डोकेदुखी, सगळंच जास्त होत असे.

पाणी बदलल्याने, बोअरच्या पाण्याने, पावसात गळतात का? आणि तेल कोणतं लावू?

खाऱ्या-जड पाण्याने केस राठ होऊन मधून तुटतात, मुळाला काही होत नाही. आठवा, पांढरा ठिपका. पावसात ओले केस तसेच बांधले की कोंडा वाढतो, तेवढं टाळा.

खोबरेल तेल उत्तम. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. माका-जास्वंद घालून कढवलंत तरी हरकत नाही, लावताना बरं वाटतं हेही खरंच आहे. फक्त त्याने नवा केस उगवतो ही आशा धरू नका आणि त्यासाठी हजार रुपयांची बाटली घेऊ नका.

पावसाची खरी गोष्ट दुसरीच आहे. लावणीत दिवसभर चिखलात पाय, मग लेप्टो, मलेरिया, डेंगी. जुलैमध्ये ताप येऊन गेलेल्या बाईचे केस नवरात्रात जातात. दर वर्षी ऑक्टोबरात माझ्याकडे अशा पाच-सहा तरी येतात, आणि प्रत्येकीने तोवर गोळी सोडलेली असते.

माझा भांगच रुंद व्हायला लागलाय. पुंजके जात नाहीत, पण डोकं दिसतं.

ही गळती नाही, विरळी आहे. दोन्हींत फरक करायलाच हवा. धक्क्याची गळती सगळ्या डोक्यावरून एकदम होते आणि भरून येते. घराण्यातली विरळी भांगाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकते आणि आपोआप परत येत नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलसारखं औषध, विशेषतः इस्ट्रोजेनशिवाय दिलेलं, अशा बाईला नको असू शकतं. तिला ड्रॉस्पिरेनोनसारखी दुसऱ्या वळणाची गोळी डॉक्टर देतात. पण त्या गोळ्यांत रक्त गोठण्याचा धोका माला-एनपेक्षा थोडा जास्त मानतात. म्हणून मैत्रिणीच्या पाकिटाचा फोटो दाखवून मेडिकलमधून आणायचा हा माल नाही.

विरळीवर मिनॉक्सिडिल लावतात. पहिल्या महिना-दोन महिन्यांत त्याने केस जास्तच गळतात, तिथेच बहुतेक जणी घाबरून सोडतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की गुण जातो. गरोदर असताना, अंगावर पाजताना लावायचं नाही. पोटातून द्यायची काही औषधं, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन, गर्भाला घातक ठरू शकतात. त्यामुळे केसांचे डॉक्टरच तुम्हाला भरवशाचं गर्भनिरोधक वापरा म्हणून सांगतील.

नाण्यासारखा गोल चकचकीत डाग पडला असेल तर ती चाई. तिचा गोळीशी संबंध नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. भांग रुंद होतोय, शिवाय हनुवटीवर राठ केस आणि पाळी दोन-दोन महिने लांबते, तर पीसीओएसची तपासणी.

कोणत्या तपासण्या करू, आणि खाऊ काय?

हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप), थायरॉइडची टीएसएच. एवढ्याने सुरुवात पुरे. हिमोग्लोबिन बारा असूनही फेरिटिन तळाला असू शकतं, म्हणजे डबा भरलेला दिसतो पण कणगी रिकामी. फेरिटिन सगळ्या सरकारी दवाखान्यांत होत नाही, एकदा पैसे खर्च करून कराच. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचा अहवाल चुकतो.

खाण्यात तिसऱ्या (शिंपल्या), मासे, अंडी, कुळथाची पिठी, टाकळा, शेवग्याचा पाला. पालेभाजीतलं लोह अंगाला कमी लागतं, म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. या तीन महिन्यांत बाईच्या ताटात भात आणि आमटीचं पाणीच उरतं, कारण डाळीचा गाळ ती मुलांना वाढते. तो गाळ तिनेही घ्यावा.

मग शेवटी, गोळी बंद करू की नको?

गोळी सुरू करून तीन महिने झाले नसतील, तर थोडं थांबा. कॅलेंडर बघा, रक्त तपासा. सहा महिन्यांनीही गळती तशीच असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर साधन बदला. बदला म्हणजे नवं सुरू करून जुनं सोडा, मध्ये मोकळा महिना नको. अंतराने त्रास होत असेल तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका, पण त्याच तारखेला दुसरं साधन हातात हवं. त्याचा असर उतरायला आणि पुन्हा दिवस राहायला काही महिने लागतात, पण नेमके किती ते तुमच्या बाबतीत कोणी सांगू शकत नाही.

गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठायची कारणं वेगळी आहेत : एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत कळ, धाप, कधी नव्हे अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. तिथे एक दिवसही थांबू नका.

मी गोळी घेते हे घरात कोणालाच माहीत नाही. केसांसाठी डॉक्टरांकडे गेले तर कळेल का?

तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टरने किंवा नर्सने हे कोणाला सांगायचं नसतं. सोबत सासूबाई असतील तर ‘वजन-बीपी बघायचंय’ म्हणून मी बाईला एकटीला आत घेते आणि तिथे बोलते. तुमच्या नर्सबाईला, आशाताईला तुम्हीही तसं सुचवू शकता. डॉक्टरांपासून मात्र गोळी लपवू नका. ती माहीत नसेल तर ते अंधारात औषध देतील.

लाज वाटायचं काहीच कारण नाही. संततिनियमनाबद्दल उघड बोलणारे र. धों. कर्वे आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर लोकांचा राग सोसला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली.

येताना गोळीचं रिकामं पाकीट आणा, नाव आठवलं नाही तरी चालेल. पाळीची शेवटची तारीख, गेल्या सहा महिन्यांतल्या तापाच्या, ऑपरेशनच्या, बाळंतपणाच्या तारखा एका चिठ्ठीवर लिहा. मिश्री लावत असाल, सिगारेट-बिडी ओढत असाल, अर्धशिशी असेल तर तेही लिहा. आणि त्या दिवशी केस विंचरून, तेल चोपडून, घट्ट वेणी घालून येऊ नका. भांग दिसला पाहिजे.